खोट्या शिक्षणाची पारख आणि ख्रिस्ती मंडळी : साधने, सामर्थ्य आणि मर्यादा

गोषवारा

कोणत्याही धर्मपरंपरेला आपल्या मूळ शिकवणुकीचे जतन करताना खऱ्या-खोट्या शिक्षणाचा निवाडा करावा लागतो. ख्रिस्ती मंडळीने पहिल्या चार शतकांत या निवाड्यासाठी तीन प्रमुख साधने घडविली : प्रमाणग्रंथांची सूची, श्रद्धासूत्र आणि बिशपांची परंपरा. प्रस्तुत लेखात या साधनांची निर्मिती कोणत्या प्रसंगांतून झाली, त्यांचे कार्य कसे चालत असे आणि ती कोठे अपुरी पडली याचा आढावा घेतला आहे. तपासण्याचे माप सर्वांसमोर उघडे होते आणि शिक्षक स्वतःही त्या मापाखाली होता, तोपर्यंत ही साधने परिणामकारक ठरली. माप गुप्त झाले किंवा सत्तेच्या हाती गेले तेव्हा रक्षणाचे कार्यच विकृत झाले, असे या विवेचनातून दिसून येते. गोव्यातील धर्मन्यायालय, उदयंपेरूरची धर्मसभा व पंडिता रमाबाई यांची उदाहरणे याच दृष्टीने विचारात घेतली आहेत.

बीजशब्द : खोटे शिक्षण, पाखंडमत, प्रमाणग्रंथ, श्रद्धासूत्र, आयरेनियस, निकिया, धर्मन्यायालय, पंडिता रमाबाई.

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्माचा प्रसार प्रथमतः मौखिक उपदेशातून झाला. येशू ख्रिस्ताच्या मृत्यूनंतर काही दशकांतच पॅलेस्टाइन, सीरिया, आशिया मायनर, ग्रीस व रोम येथे लहान लहान मंडळ्या स्थापन झाल्या. या मंडळ्या एकमेकींपासून दूर होत्या. त्यांच्यात प्रवासी उपदेशक येत-जात असत, पत्रे वाचली जात आणि हातोहात नकलून पुढे पाठविली जात. अशा परिस्थितीत कोणी नवा उपदेशक प्रेषितांचे नाव सांगून वेगळेच काही शिकवू लागला, तर सामान्य श्रद्धावंताने त्याची पारख कशी करावी, हा प्रश्न आरंभापासूनच उभा राहिला.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता व आजही नाही. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयाना देशातील जोन्सटाउन येथे एका पंथप्रमुखाच्या आदेशावरून नऊशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत लहान मुलांची संख्या मोठी होती. २०२३ साली केनियातील शाकाहोला जंगलात चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढण्यात आले. उपवासाने मरण पत्करल्यास येशूची भेट होईल अशी शिकवण त्या लोकांना देण्यात आल्याचे तपासात पुढे आले. दुसऱ्या बाजूला, खोट्या शिक्षणापासून रक्षण करण्याच्या नावाखाली माणसे जाळली गेली आणि ग्रंथ नष्ट केले गेले, हाही इतिहास आहे. पारख न करण्याची आणि पारखीचा अधिकार अनिर्बंध वापरण्याची, अशा दोन्हींची किंमत माणसांनी मोजलेली आहे. म्हणूनच या विषयाचा शांतपणे विचार होणे आवश्यक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) नव्या करारातील व आरंभीच्या मंडळीतील पारखीच्या कसोट्यांचा परिचय करून देणे.
२) प्रमाणग्रंथ, श्रद्धासूत्र व बिशपांची परंपरा या साधनांचे कार्य व मर्यादा स्पष्ट करणे.
३) रक्षणाचे कार्य बळजबरीत कसे रूपांतरित झाले, हे पाहणे.
४) या इतिहासाचा महाराष्ट्र व गोव्याशी असलेला संबंध मांडणे.

नव्या करारातील कसोट्या

नव्या करारातील बहुतेक लेखकांनी खोट्या शिक्षणाचा उल्लेख केला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात मेंढरांच्या वेषात येणाऱ्या लांडग्यांपासून सावध राहण्यास सांगून, झाड फळावरून ओळखावे तसे संदेष्टे त्यांच्या आचरणावरून ओळखावेत, अशी कसोटी दिली आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता त्याची परीक्षा करण्याचा उपदेश आहे. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात पौल इफिस येथील वडीलजनांचा निरोप घेताना, संकट बाहेरूनच येईल असे नाही, तर त्यांच्यामधूनच विपरीत शिकविणारी माणसे उठतील, असे बजावतो.

यांपैकी दोन संदर्भ विशेष महत्त्वाचे आहेत. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की, आपण स्वतः किंवा स्वर्गातील दूतानेही वेगळी सुवार्ता सांगितली तरी ती स्वीकारू नये. येथे पौलाने स्वतःलाही कसोटीतून वगळलेले नाही. शिक्षक कितीही थोर असो, शिकवणुकीचे माप त्याच्याहून मोठे आहे, हे तत्त्व यातून प्रस्थापित होते. दुसरा संदर्भ बिरुया या गावचा आहे. तेथील लोकांनी पौलाचा उपदेश ऐकून तो खरा आहे की नाही हे शास्त्रलेखांत रोज शोधून पाहिले आणि ग्रंथकाराने याबद्दल त्यांना दोष न देता त्यांची प्रशंसा केली आहे. प्रेषिताची परीक्षा घेणे हा येथे उद्धटपणा मानलेला नाही. तो सद्गुण मानला आहे.

थेस्सलनीकाकरांस असलेल्या दुसऱ्या पत्रात आणखी एक व्यावहारिक बाब आढळते. पौलाच्या नावाने आलेल्या पत्रामुळे गडबडून जाऊ नये, असे सांगून पत्राच्या अखेरीस स्वहस्ते केलेली खूण दाखविली आहे. खोट्या पत्रांची शक्यता किती आरंभीच ध्यानात आली होती, हे यावरून समजते.

दिदाखे : व्यवहारातील पारख

पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेले दिदाखे हे छोटे पुस्तक मंडळीच्या दैनंदिन व्यवहाराचे नियम सांगते. फिलोथिओस ब्रियेनिओस यांना १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे त्याचे १०५६ सालचे हस्तलिखित सापडले व १८८३ साली ते प्रसिद्ध झाले. या पुस्तकातील प्रवासी उपदेशकांविषयीचे नियम अत्यंत साधे आहेत. आलेल्या प्रेषिताचे स्वागत करावे. त्याने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तो तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा समजावा. निघताना त्याने पुढील मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा समजावा. आत्म्याच्या संचारात कोणी स्वतःसाठी पैसा मागितला तर त्याचे ऐकू नये. मात्र गरजूंसाठी मागितला तर त्याला दोष देऊ नये. जो सत्य शिकवितो पण त्याप्रमाणे वागत नाही, तोही खोटाच होय. ज्याला गावात स्थायिक व्हावयाचे आहे त्याने काम करून खावे.

या नियमांचे वैशिष्ट्य असे की, त्यांच्या अंमलबजावणीसाठी धर्मशास्त्राच्या सखोल ज्ञानाची गरज नव्हती. निरक्षर कारागिरालाही दिवस मोजता येत होते आणि कोण पैसे मागतो हे दिसत होते. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट व ओरिजेन या विद्वानांनी उद्धृत केलेल्या एका वचनात श्रद्धावंतांनी पारखी सराफासारखे व्हावे, असा उपदेश आहे. हे वचन चार शुभवर्तमानांत आढळत नाही. तरी नाणे वाजवून, कसाला लावून घेण्याची ही उपमा त्या काळच्या मंडळीची वृत्ती नेमकी व्यक्त करते. सराफ नाणे आणणाऱ्याचे तोंड पाहून नाणे स्वीकारत नाही.

मार्सियन आणि प्रमाणग्रंथांची सूची

दुसऱ्या शतकाच्या मध्यास मात्र या साध्या कसोट्या अपुऱ्या पडू लागल्या. काळ्या समुद्रावरील सिनोपे येथील मार्सियन हा श्रीमंत जहाजमालक इ. स. १४० च्या सुमारास रोमच्या मंडळीत आला. त्याने मंडळीला दोन लाख सेस्टर्सेस इतकी मोठी देणगी दिली, असे टर्टुलियन सांगतो. जुन्या करारातील न्यायी सृष्टिकर्ता आणि येशूने प्रकट केलेला प्रेमळ पिता हे दोन वेगळे देव आहेत, अशी त्याची शिकवण होती. त्यानुसार त्याने संपूर्ण जुना करार बाजूला ठेवला. लूकच्या शुभवर्तमानाची आपल्या मताप्रमाणे काटछाट केली आणि पौलाची दहा पत्रे घेऊन स्वतःचा ग्रंथसंग्रह तयार केला. इ. स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले आणि त्याची देणगीही परत केली. मार्सियन पैसे मागत नव्हता, उलट देत होता. त्याचे आचरण कडक होते. दिदाखेच्या पैशाच्या व आचरणाच्या कसोट्यांवर तो खोटा ठरला नसता. त्याच्या बाबतीत निर्णायक ठरली ती शिकवणच.

मार्सियनच्या संग्रहामुळे, मंडळीचे प्रमाणग्रंथ कोणते, हा प्रश्न टाळता येणे अशक्य झाले. लुडोविको मुरातोरी यांनी १७४० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्राचीन सूचीत या प्रक्रियेचे दर्शन घडते. ही सूची सामान्यतः दुसऱ्या शतकाच्या अखेरची मानली जाते; काही अभ्यासक ती चौथ्या शतकातील मानतात. मार्सियनच्या पंथासाठी पौलाच्या नावे रचलेल्या बनावट पत्रांचा तीत उल्लेख आहे. हर्मासचा मेंढपाळ हे लोकप्रिय पुस्तक खासगी रीतीने वाचण्यास योग्य, पण मंडळीत जाहीर वाचनासाठी अयोग्य, असा भेदही तीत केला आहे. येथे कसोटी अशी दिसते : ग्रंथ प्रेषितांच्या काळाशी जोडलेला आहे काय, सर्वत्रच्या मंडळ्यांत तो वाचला जातो काय आणि त्यातील शिक्षण परंपरेने आलेल्या श्रद्धेशी जुळते काय.

ही पारख प्रत्यक्षात कशी होत असे, याचे उदाहरण इतिहासकार युसेबियसने नोंदविले आहे. अंत्युखियाचा बिशप सेरापियन याच्याकडे रोसस येथील मंडळीने पेत्राच्या नावे असलेले एक शुभवर्तमान वाचण्याची अनुमती मागितली. त्याने ते पुस्तक न वाचताच अनुमती दिली. पुढे त्यातून भ्रामक मत पसरत असल्याचे कळल्यावर त्याने ते मिळवून वाचले. त्याचा बराचसा भाग योग्य आहे, परंतु काही गोष्टी नंतर जोडलेल्या आहेत, असे त्याला आढळले. त्याने त्या गोष्टींची यादी करून मंडळीला पाठविली आणि आपली पूर्वीची अनुमती मागे घेतली. न वाचता निर्णय देण्यातील धोका आणि वाचून, कारणे देऊन निर्णय बदलण्यातील प्रामाणिकपणा, हे दोन्ही या एका प्रसंगात दिसून येतात.

टर्टुलियनने सांगितलेली दुसरी घटनाही उद्बोधक आहे. आशिया प्रांतातील एका धर्मगुरूने पौलाविषयीच्या प्रेमापोटी त्याच्या नावाने एक कथाग्रंथ रचला. ही गोष्ट उघडकीस आल्यावर त्याला पदावरून दूर व्हावे लागले. हेतू चांगला असला तरी बनावट लेखन क्षम्य मानले गेले नाही. नव्या करारातील आजच्या सत्तावीस ग्रंथांची नेमकी यादी प्रथम अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने इ. स. ३६७ मधील आपल्या पुनरुत्थानसणाच्या पत्रात दिलेली आढळते.

आयरेनियस आणि उघड परंपरा

मार्सियनने ग्रंथ कापले, तर गूढज्ञानवादी अर्थात ग्नॉस्टिक शिक्षकांनी तेच ग्रंथ ठेवून त्यांचा अर्थ बदलला. येशूने काही निवडक शिष्यांना गुप्त ज्ञान दिले व ते आपल्यापर्यंत पोचले आहे, असा त्यांच्यापैकी अनेकांचा दावा होता. लिऑनचा बिशप आयरेनियस याने इ. स. १८० च्या सुमारास या मतांच्या खंडनार्थ पाच भागांचा ग्रंथ लिहिला. आयरेनियस मूळचा आशिया मायनरचा. तरुणपणी त्याने स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प याचा उपदेश ऐकला होता.

आयरेनियसने दिलेला एक दृष्टांत प्रसिद्ध आहे. कुशल कारागिराने रत्नांच्या तुकड्यांतून राजाचे चित्र घडवावे, मग दुसऱ्याने तेच तुकडे उचकटून त्यांतून कोल्ह्याचे चित्र जुळवावे आणि हेच राजाचे चित्र होय, असे सांगावे. तशी शास्त्रवचनांची स्थिती खोटे शिक्षक करतात. तुकडे खरेच आहेत, पण आकृती खोटी आहे. म्हणून वचने पाठ असणे पुरेसे नाही. मूळ आकृती ठाऊक असली पाहिजे. ही आकृती म्हणजेच बाप्तिस्म्याच्या वेळी स्वीकारलेला श्रद्धेचा नियम, असे त्याचे म्हणणे होते.

गुप्त ज्ञानाच्या दाव्याला त्याने दिलेले उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. प्रेषितांना काही गुप्त शिकवण ठाऊक असती, तर ज्यांच्या हाती त्यांनी मंडळ्या सोपविल्या त्यांनाच ती सर्वप्रथम सांगितली असती. या पुढाऱ्यांची नावे सर्वांना माहीत आहेत आणि त्यांची शिकवण उघडपणे ऐकता येते. म्हणून आयरेनियस रोमच्या बिशपांची यादी आपल्या समकालीन एलुथेरसपर्यंत नावांनिशी देतो. या युक्तिवादात बिशपपदाचे महत्त्व गूढ सामर्थ्यामुळे नाही. कोणी, कोणाकडून, काय ऐकले हे कोणालाही तपासून पाहता येते, यामुळे आहे. साक्षीदार ज्ञात असणे हे खऱ्या परंपरेचे लक्षण ठरते.

येथे एका पूरक बाबीची नोंद करणे आवश्यक आहे. १९४५ साली वरच्या इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ तेरा प्राचीन पुस्तके सापडली. तोपर्यंत गूढज्ञानवाद्यांची मते बहुतांशी त्यांच्या विरोधकांच्या लेखनातूनच ज्ञात होती. अथनेशियसच्या इ. स. ३६७ मधील पत्रानंतर ही पुस्तके पुरून ठेवली गेली असावीत, असा एक तर्क अभ्यासकांनी मांडला आहे. आयरेनियसने सत्याचे शुभवर्तमान या नावाच्या ग्रंथाचा उल्लेख केला होता. त्याच आरंभवाक्याचा एक ग्रंथ या संग्रहात आहे. मात्र विरोधकांनी गूढज्ञानवाद्यांवर केलेला स्वैराचाराचा आरोप या ग्रंथांतून फारसा सिद्ध होत नाही. त्यांचा कल उलट विरक्तीकडे दिसतो. प्रतिपक्षाचे मत चुकीचे असले तरी ते यथातथ्य मांडण्याची जबाबदारी खंडन करणाऱ्यावर असते, हा धडा या शोधातून मिळतो.

निकिया आणि श्रद्धासूत्राची गरज

बाप्तिस्मा घेणाऱ्याला पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्याविषयी प्रश्न विचारण्याची प्रथा जुनी होती. या प्रश्नोत्तरांतूनच श्रद्धासूत्रे विकसित झाली. चौथ्या शतकात बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना श्रद्धासूत्र तोंडपाठ करावे लागे व ते लिहून ठेवू नये असा संकेत होता. तथापि हे गुप्त ज्ञानवाद्यांच्या रहस्यासारखे नव्हते. बाप्तिस्मा घेणारा दास असो वा धनिक, स्त्री असो वा पुरुष, प्रत्येकाला तेच सूत्र मिळत असे. थोडक्यात, लिहिता-वाचता न येणाऱ्याच्याही स्मरणात एक माप कायमचे राहत असे.

अलेक्झांड्रियातील धर्मगुरू एरियस याच्या शिकवणुकीमुळे या साधनाची खरी कसोटी लागली. पुत्र हा सर्व सृष्टीहून श्रेष्ठ असला तरी तो निर्मिलेला आहे. पित्याप्रमाणे अनादी नाही, असे त्याचे मत होते. इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकिया येथे बिशपांची परिषद बोलाविली. तेथे काय घडले याविषयी अथनेशियसने लिहिले आहे. बिशपांनी प्रथम शास्त्रातीलच शब्द वापरून सूत्र करण्याचा प्रयत्न केला. परंतु प्रत्येक शब्दाला एरियसचे समर्थक मान डोलावत, कारण त्या शब्दाला आपला अर्थ लावणे त्यांना शक्य होते. अखेर पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, अशा अर्थाचा शास्त्रात नसलेला ग्रीक शब्द सूत्रात घालण्यात आला. शास्त्रातील शब्दांचा अर्थ राखण्यासाठीच शास्त्राबाहेरचा शब्द घ्यावा लागला, ही यातील लक्षणीय गोष्ट होय. आयरेनियसचा तुकड्यांचा आणि आकृतीचा दृष्टांत येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

परंतु परिषदेमुळे वाद मिटला नाही. इ. स. ३५९ मध्ये रिमिनी व सेल्युकिया येथे भरलेल्या परिषदांनी सम्राट कॉन्स्टँशियसच्या दबावाखाली निकियाच्या शब्दाला बगल देणारे सूत्र मान्य केले. निकियाचा पक्ष घेणाऱ्या अथनेशियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. निकियाच्या सूत्राला स्थिर मान्यता इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेनंतर मिळाली. पदाधिकाऱ्यांचे बहुमत किंवा सम्राटाची संमती ही सत्याची हमी नव्हे, हे या अर्धशतकाच्या इतिहासातून स्पष्ट होते. व्यक्तीच्या बाबतीतही असाच अनुभव येतो : पाखंडमतांविरुद्ध प्रखर लेखन करणारा टर्टुलियन पुढे स्वतःच माँटेनसच्या नव्या संदेष्टेपणाच्या चळवळीकडे वळला.

पारखीचे शस्त्रात रूपांतर

चौथ्या शतकापर्यंत मंडळीजवळ असलेली सर्वांत कठोर शिक्षा म्हणजे सहभागितेतून वगळणे. राजसत्ता ख्रिस्ती झाल्यावर ही मर्यादा सुटली. स्पेनमधील बिशप प्रिसिलियन व त्याचे काही अनुयायी यांना सम्राट मॅक्सिमसच्या आदेशावरून ट्रियर येथे इ. स. ३८५ च्या सुमारास देहान्त शिक्षा देण्यात आली. औपचारिक आरोप जादूटोण्याचा होता. मात्र तक्रार करणारे बिशपच होते. तूरचा बिशप मार्टिन प्रिसिलियनच्या मताशी सहमत नव्हता, तरीही त्याने या रक्तपाताला उघड विरोध केला. मिलानच्या अँब्रोझनेही आरोप करणाऱ्या बिशपांशी सहभागिता ठेवण्यास नकार दिला. खोट्या शिक्षणाचा विरोध आणि खोट्या शिक्षकाच्या जिवाचे रक्षण या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीला साधता येतात, हे मार्टिनच्या भूमिकेवरून दिसते. १८८५ साली व्युर्ट्‌सबर्ग येथे प्रिसिलियनच्या पंथाचे मानले जाणारे लेख सापडल्यानंतर तो खरोखर किती प्रमाणात पाखंडी होता, याविषयीच नवी चर्चा सुरू झाली. परंतु शिक्षा मागे घेता येण्यासारखी नव्हती.

मार्टिनचा इशारा पुढे विसरला गेला. मध्ययुगीन युरोपात धर्मन्यायालये स्थापन झाली आणि पोर्तुगीज सत्तेबरोबर ती पद्धत भारतातही आली. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय स्थापन झाले. १७७४ ते १७७८ या अल्पकाळाचा अपवाद वगळता ते १८१२ पर्यंत चालू होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी जुन्या चालीरीती पाळल्याचे अनेक खटले त्याच्यापुढे चालले. या न्यायालयाच्या कार्यपद्धतीचे एक अंग येथे विशेष विचारार्ह आहे : आरोपीला त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्याचे नाव सांगितले जात नसे. आयरेनियसने गुप्ततेलाच खोट्या शिक्षणाचे लक्षण मानले होते. येथे श्रद्धेच्या रक्षकांनीच गुप्तता स्वीकारली.

१५९९ साली गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी केरळमधील उदयंपेरूर येथे धर्मसभा भरविली. मलबारच्या संत थॉमस परंपरेतील ख्रिस्ती समाजाच्या सुरियानी ग्रंथांत नेस्टोरियसचे मत असल्याचा ठपका ठेवून ते दुरुस्तीसाठी स्वाधीन करण्याचे किंवा नष्ट करण्याचे ठराव तेथे झाले. त्यामुळे त्या समाजाच्या प्राचीन इतिहासाची बहुमोल साधने कायमची नाहीशी झाली. याची प्रतिक्रिया ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टानचेरी येथील कूनन क्रूस शपथेच्या रूपाने प्रकट झाली आणि तो समाज दुभंगला. सेरापियनने पुस्तक वाचले, आक्षेपार्ह भागांची यादी केली आणि ती मंडळीला पाठविली. उदयंपेरूरनंतर पुस्तकच उरले नाही. त्यामुळे आक्षेप योग्य होता की नाही, हे तपासण्याची सोयही उरली नाही.

मराठी अनुभव : पंडिता रमाबाई

पारखीचे माप सामान्य श्रद्धावंताच्या हाती असावयाचे, तर ते त्याच्या भाषेत असले पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले, तेव्हा बायबलमधील कथा मराठी ओवीत प्रथमच सविस्तर उपलब्ध झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून बायबलची मराठी भाषांतरे छापली जाऊ लागली. त्यामुळे उपदेशकाचे म्हणणे मूळ वचनाशी ताडून पाहणे मराठी वाचकाला शक्य झाले.

या प्रक्रियेतील तणावाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पंडिता रमाबाई यांचे आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर थोड्याच काळात त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व व चर्चचा अधिकार या विषयांवर त्यांचा सिस्टर जेराल्डिन व चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार झाला. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून एखादे मत स्वीकारण्यास रमाबाईंचा नकार होता. एका पुरोहितवर्गाच्या अधिकारातून बाहेर पडल्यावर तशाच दुसऱ्या अधिकाराखाली जाणे त्यांना मान्य नव्हते. सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार आणि श्रद्धेपासून ढळणे वाटले, तर रमाबाईंच्या दृष्टीने ही सद्सद्विवेकाची बाब होती.

या प्रसंगात दोन्ही बाजू एकाच चिंतेने बोलत होत्या, हे ध्यानात घ्यावयास हवे. एका नवदीक्षित विदुषीने शतकानुशतकांच्या चिंतनाला डावलून घाईने निष्कर्ष काढू नये, ही जेराल्डिन यांची काळजी निराधार नव्हती. परंतु प्रश्न विचारण्यालाच खोटे शिक्षण मानले, तर बिरुयाच्या लोकांची प्रशंसा निरर्थक ठरते. रमाबाईंनी पुढे जे केले ते अर्थपूर्ण आहे. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी ख्रिस्तावरील दृढ श्रद्धा स्पष्टपणे मांडली. तसेच हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेले हे भाषांतर १९२४ साली पूर्णपणे प्रसिद्ध झाले. ज्या मापाने तपासण्याचा हक्क त्यांनी स्वतःसाठी मागितला होता, तेच माप त्यांनी सामान्य मराठी स्त्रियांच्या हाती देण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली.

वर्तमान संदर्भ

जोन्सटाउन व शाकाहोला येथील घटना प्राचीन कसोट्यांच्या प्रकाशात पाहिल्यास त्यांचे मोल कळते. जोन्सटाउनमध्ये अनुयायांची मिळकत पंथाच्या स्वाधीन झाली होती. दिदाखेची एक कसोटी पैशाचीच आहे. दोन्ही ठिकाणी लोक वस्तीपासून दूर, बाहेरच्या प्रश्नकर्त्यांपासून तुटलेले होते. आयरेनियसची कसोटी उघडपणाची आहे. जोन्सटाउनच्या पुढाऱ्याने बायबललाच झिडकारून स्वतःला प्रमाण मानले. गलतीकरांस पत्रातील कसोटी शिक्षकाला मापाखाली ठेवते. श्रद्धावंतांना या कसोट्या ठाऊक असणे व त्या लावण्याचे स्वातंत्र्य असणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. एकीवाचून दुसरी निरुपयोगी ठरते.

आज उपदेश दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनीवरून घरोघरी पोचतो. दिदाखेच्या काळी उपदेशक घरी मुक्कामाला येत असल्याने त्याचे वागणे दिसत असे. आज त्याचा शब्द ऐकू येतो, पण त्याचे जीवन दिसत नाही. त्यामुळे फळांवरून झाड ओळखण्याची कसोटी लावणे अधिक कठीण झाले आहे. आर्थिक व्यवहारांचा जाहीर हिशेब, उपदेशकाला उत्तरदायी धरणारी स्थानिक मंडळी आणि वचनांचा संदर्भासह अभ्यास यांची गरज म्हणूनच वाढली आहे.

निष्कर्ष

१) खोट्या शिक्षणाची पारख करणे ही नव्या कराराच्या दृष्टीने केवळ पुढाऱ्यांची नाही, तर संपूर्ण मंडळीची जबाबदारी आहे आणि प्रेषितही या पारखीतून मुक्त नाहीत.

२) प्रमाणग्रंथ, श्रद्धासूत्र व बिशपांची परंपरा ही साधने परस्परपूरक आहेत. ग्रंथाचा अर्थ सूत्र राखते, सूत्र ग्रंथावर तपासले जाते आणि परंपरा दोहोंची साक्ष देते. इ. स. ३५९ च्या परिषदांनी दाखविल्याप्रमाणे यांपैकी कोणतेही एक साधन एकटे पुरेसे नाही.

३) आचरणाची कसोटी आवश्यक असली तरी अपुरी आहे. मार्सियनचे उदाहरण शिकवणुकीची स्वतंत्र तपासणी अनिवार्य ठरविते.

४) प्रतिपक्षाचे मत वाचून व यथातथ्य मांडूनच त्याचे खंडन करावे. सेरापियनचा प्रसंग व नाग हम्मादीचा शोध यांतून हे स्पष्ट होते.

५) देहान्त शिक्षा, गुप्त साक्ष व ग्रंथदहन यांमुळे श्रद्धेचे रक्षण झाले नाही. त्यांनी चूक दुरुस्त करण्याची शक्यताच नष्ट केली. मार्टिनने ट्रियरच्या प्रसंगी घेतलेली भूमिका आजही मार्गदर्शक आहे.

६) मापाचे जतन मापणाऱ्यांची संख्या कमी करून होत नाही. बायबल लोकभाषेत आणणाऱ्या भाषांतरकारांचे कार्य या दृष्टीने श्रद्धेच्या रक्षणाचेच कार्य होते. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे केलेले भाषांतर त्याची साक्ष देते.